सहाशे ब्याऐंशी ससे

आमच्या घराण्यात पदवीधर झालेला पहिला माणूस मी. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलंय की आता मुलं ते माझ्या आधीच पुरं करून मोकळी होतात. पण साठच्या दशकात सांगलीच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झालो, तेव्हा कडेगावकडच्या आमच्या वस्तीत त्या अक्षरांचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. मला स्वतःला अर्धाच ठाऊक होता. तरी मी पत्र्याच्या ट्रंकेवर पेंटरकडून नाव आणि नावापुढं ती अक्षरं रंगवून घेतली. पेंटर म्हणाला, "नाव जरा बारीक झालं बगा, अक्षरांपुढं दिसंना." मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या तसंच."

सातारच्या एका सरकारी कचेरीत मला तीन महिन्यांची हंगामी नोकरी लागली. काम काय, तर डोंगरावरचे ससे मोजायचे.

मी ते वडिलांना सांगितलं.

"ससं?"

"ससं."

"धरायचं?"

"धरायचं, मोजायचं आणि सोडून द्यायचं."

"सोडून?" वडील आईकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का गं? सोळा वर्सं शिकून आलाय."

वडिलांच्या हसण्याला कारण होतं. गावच्या शिकारीत हाका घालायचं, म्हणजे ओरडत, डबे वाजवत जनावर जाळ्याकडं हुसकायचं काम आमच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. धर्म बदलला तेव्हा वडिलांनी गावकीची सगळी कामं सोडली, त्यात हाकाही सुटला. "जनमभर सशामागं पळालो," ते म्हणाले, "पर पगार घेऊन पळनारा तू पयलाच."

मला ते लागलं. मी हाका घालायला नाही, शास्त्रीय गणना करायला चाललो होतो. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यावर आई म्हणाली, "काय बी कर, पर कायम हू."

कायम होणं, एवढाच खरा मुद्दा होता. सातारच्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी उभ्यानं समजावलं होतं. खंडाळा आणि शिरवळच्या मधल्या एका गावानं अर्ज केला होता की डोंगरावरचे ससे उतरून हरभरा आणि घेवडा खाऊन टाकतात, तरी शिमग्यानंतरच्या आमच्या शिकारीला मोकळी परवानगी असावी. दुसरीकडून साहेबांच्या कानावर आलं होतं की त्या डोंगरावर आता ससाच उरलेला नाही, शिकारीला गेलेले लोक दगड मोजून परत येतात. "तू आकडा आण," साहेब म्हणाले. "भरपूर असतील तर परवानगी देऊ. कमी असतील तर दोन वर्षं शिकार बंद. आणि आकडा नीट आणलास, तर तुला कायम करा म्हणून मी वर लिहीन."

मोजायची रीत मला कॉलेजातच शिकवलेली होती. आमच्या प्राध्यापकांनी ती ज्वारीच्या दाण्यांवर दाखवली होती. पोत्यात दाणे किती ते ठाऊक नाही. मूठभर दाणे काढायचे, त्यांना रंग लावायचा, परत पोत्यात टाकून हलवायचं. मग पुन्हा मूठ भरायची आणि बघायचं, तिच्यात रंगवलेले किती आले. निम्मे रंगीत आले तर पोत्यात दाणे थोडे आहेत. मुठीत एखादाच रंगीत आला तर पोतं भरलेलं आहे. ससा म्हणजे पळणारा दाणा, एवढाच फरक. पुढं त्रैराशिक. परीक्षेत मला या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते, आणि ही गोष्टही माझी मुलं माझ्या आधी सांगतात.

शिरवळला एस.टी.तून उतरलो तर गावाकडनं एक जण बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं ट्रंकेवरची अक्षरं निरखली आणि म्हणाला, "बरं झालं डाक्टर आलं. आमची म्हस येली, पर वार पडंना झालीया." मी त्याला माझी पदवी रस्ताभर समजावून सांगितली. गावात पोचल्यावर त्यानं गाडी आधी म्हशीकडंच नेली. मी म्हशीकडं गंभीरपणे बघितलं आणि "वाट बघा" असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत काम आपोआप झालं, आणि गावात माझं वजन वाढलं ते असं. मी ते कमी करायचा प्रयत्न केला नाही.

शिकारीची सगळी सूत्रं एका हवालदारांच्या हातात होती. लष्करातून पेन्शनीवर आलेला, मिशीला तेल लावणारा, ऊस आणि हरभरा दोन्ही करणारा माणूस. सशाच्या शिकारीला लागणारी लांब जाळी, तिला वाघर म्हणतात, ती त्यांच्या घरची. म्हणून दर शिकारीत पहिला वाटा त्यांचा. त्यांनी मला पडवीत खुर्ची दिली आणि चहा मागवला. कप कोणता येतो याच्याकडं माझं बारीक लक्ष होतं. घरातलाच आला. हवालदारांनी माझी नजर ओळखली. "आवं सायेब, फौजंत आमी एका मगात सात जनांनी रम पिलीय," ते म्हणाले. "घ्या, गार हुईल."

हाका घालणारी माणसं मात्र आमच्याच समाजाची होती. गावाच्या खालच्या अंगाला वीसेक घरं. मी त्यांच्यातला आहे हे त्यांना तासाभरात कळलं, आणि त्या दिवशी ती माणसं जी ताठ चालली, ते मी अजून विसरलो नाही. त्यांच्यातला सगळ्यात वयस्क, ज्याला सगळे आबा म्हणायचे, मला भेटायला आला आणि म्हणाला, "आमचं पोर सायेब झालं म्हनायचं. चला घराकडं, चार घास खावा." मी म्हणालो, "कामाच्या वेळी कुणाकडं जेवायचं नाही असा नियम आहे." असा कुठलाही नियम नव्हता. हवालदारांकडं मी दोन्ही वेळा जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं मी भाषण केलं. भाषण आदल्या दिवशी लिहून काढलं होतं आणि ते छापील मराठीत होतं. हाकाऱ्यांना दाण्यांचं पोतं समजावण्यात अर्थ नाही, त्यांना हुकूमच कळेल, असं मी ठरवून टाकलेलं. माझे वडीलही हाकारीच होते हे त्या क्षणी माझ्या कुठल्या कप्प्यात होतं कोण जाणे.

"ग्रामस्थहो," मी म्हणालो, "हा डोंगर आता शास्त्रीय निरीक्षणाखाली आहे. ज्या सशाच्या कानांस तांबडी खूण असेल, तो ससा शासनाचा समजण्यात येईल. त्यास ज्याच्या हातून इजा पोचेल, त्यास शासन जबाबदार धरील. कोणाला शंका?"

हवालदारांनी हात वर केला. "शंका न्हाई सायेब. इचारायचं एकच. ससा सरकारी झाल्यावर हरभरा बी सरकारचा खानार, का आमचाच?"

लोक हसले. मीही हसलो, पण साहेबानं हसावं तेवढंच.

काम मात्र झकास सुरू झालं. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये खिंड होती, तिथं वाघर ताणून लावायची. वरून तीस-पस्तीस माणसं ओळ धरून हाका घालत उतरायची. ससे खाली पळत येऊन जाळ्यात गुरफटायचे. काही शहाणे मात्र उलटे फिरून माणसांच्या ओळीतूनच वर सटकायला बघायचे, त्यांना ओरडून परत फिरवायचं. मी एका उंच दगडावर वही घेऊन उभा. आमच्या गावात त्या जागी पाटील उभे राहायचे. वडिलांना कुणीतरी हे दृश्य दाखवायला हवं होतं, असं मला सारखं वाटत होतं.

तीन दिवसांत बावीस ससे हाती लागले. बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ तेलात कालवून मी प्रत्येकाचे दोन्ही कान रंगवले आणि सोडून दिले. लांबनं बघितलं तर हरभऱ्यात तांबड्या मिरच्या पळाल्यासारखं दिसायचं. बाया कौतुकानं बघायला यायच्या. एक जण दुसरीला म्हणाली, "आगं, निस्ता कानच रंगवतोय. शिकल्यालं हाय म्हनं."

मधे आठ दिवस जाऊ दिले. पोतं हलवायला वेळ द्यावा लागतो. मग पुन्हा तीन दिवस हाका. या खेपेला एकतीस ससे सापडले. मी एकेकाचे कान तपासत गेलो. करडे. करडे. करडे. एकतिसांत रंगीत फक्त एक.

त्या दुपारी पडवीत बसून मी त्रैराशिक मांडलं. बावीस गुणिले एकतीस, भागिले एक. सहाशे ब्याऐंशी. पुन्हा केलं, तेवढेच. सहाशे ब्याऐंशी ससे त्या उघड्याबोडक्या डोंगरावर! गवत तरी पुरलं असतं का, असा प्रश्न एखाद्या गुराख्याला पडला असता. बी.एस्सी. माणसाला पडला नाही. आकडा खोटं बोलत नाही, असं मी हवालदारांना सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला लष्करी सलाम ठोकला. "सायेब, ह्यो कागद आजच धाडा."

मी अहवाल लिहिला, खाली सही, सहीपुढं ती अक्षरं, आणि गावातल्या एकाच्या हाती शिरवळच्या पोस्टात टाकायला दिला. आता कायम झालोच, या हिशेबानं आईला एक कार्डही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा आला. पडवीच्या खाली उभा राहून वहाणा काढल्या, डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं. हवालदार शेतावर गेले होते. मी म्हणालो, "आबा, वर या."

"न्हाई, हितंच बरं हाय. सायेब, माझ्या हातनं चूक झालीया. सांगायचं धाडस हुईना, पर झोप बी लागंना. मला तालुक्याला न्याल काय?"

"कसली चूक?"

"त्यो लाल कानाचा. वाघरीत घावला न्हवं एक. त्यो माझ्या अंगावरनं आला हुता. माझ्या डोळ्यांवर पडदा आलाय, मला कान दिसलंच न्हाईत. म्या नेहमीसारका वरडलो आन् ते खाली पळालं. बाकीच्यांनी एक बी सरकारी ससा जाऊ दिला न्हाई जाळ्यात. माझ्याच हातनं घोटाळा झाला."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही.

"बाकीच्यांनी म्हणजे? काय केलं बाकीच्यांनी?"

"तुमी सांगितलं तसंच केलं की. लाल कान दिसला की सगळी खाली बसायची. वरडायचं न्हाई, डबा वाजवायचा न्हाई. वाट द्यायची. एकानं तर हात जोडलं म्हनं. वाघरीपशी आला तर खालनं दोर उचलून धरायचा, जा म्हनायचं बाबा तुज्या वाटंनं. शासन जबाबदार धरील म्हनलासा न्हवं?"

मी पायरीवर येऊन बसलो. आबाही मग पलीकडं टेकला. तो म्हणाला, "लय मोठा दावा हाय का?"

मी त्याला घेऊन खालच्या वस्तीत गेलो. आल्यापासून पहिल्यांदाच. एकेका माणसाला विचारलं, तू किती सोडलेस? ती माणसं अभिमानानं सांगत होती. कुणी एक, कुणी दोन. एक जण म्हणाला, "म्या तर तिघांना वाट दिली, सायेब. एक तर माझ्याकडं वळून बगून गेला." बेरीज बारा भरली. एकाच सशाला दोघांनी वाट दिली असेल, कुणी फुशारकीनं एखादा वाढवला असेल, हे धरूनसुद्धा काय झालंय ते उघड होतं. ते बारा मुठीत आले असते तर त्रेचाळिसांत तेरा रंगीत झाले असते. मी मातीत काडीनं गणित केलं. सत्तर-पंच्याहत्तर. सहाशे ब्याऐंशीचे सत्तर-पंच्याहत्तर.

मग त्या लोकांना मी घेवड्याच्या बिया घेऊन ती रीत समजावली. वाटीत पांढऱ्या बिया, त्यात थोड्या तांबड्या. दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं. आबा बोटांनी वाटी ढवळत म्हणाला, "म्हंजे लाल कानाचाच घावायला पायजे हुता तुमाला. आन् आमी नेमका त्येलाच सोडत बसलो. आवं, मग आदी का न्हाई सांगितलंसा?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं आणि ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं.

हवालदार शेतावरनं आले तेव्हा त्यांना गावातनं बातमी लागलेली होती. ते माझ्या शेजारी बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कागद गेला न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की. तुमचं कायम हुतंय, आमची शिकार हुतीया. सशांचं कोन इचारतंय?"

"आकडा खोटा आहे, हवालदार."

"परवा तर म्हनत हुता आकडा खोटं बोलत न्हाई."

आबाचंही म्हणणं फार वेगळं नव्हतं. त्याची काळजी शिकारीची कमी, माझी जास्त. "तुमी आमचं पोर," तो म्हणाला. "एवढं शिकून एका सशापायी नोकरी घालवायची? गप बसा. आमी बी गप बसतो." शिकारीत हाकाऱ्यांचा वाटा असे, आणि वर्षात मटण त्या वस्तीत फार वेळा शिजत नसे. तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं ते काढलं नाही.

मला खरं बोलायची फार ओढ लागली होती असं मी म्हणणार नाही. मला भीती अशी होती की कुणीतरी शहाणा साहेब त्या डोंगराखालून जीपनं जाईल, वर बघेल आणि म्हणेल, हे सहाशे ब्याऐंशी ससे मोजणारा गाढव कोण? आणि खाली माझी सही, सहीपुढं पदवी. खोट्यापेक्षा मला हसं होण्याची भीती जास्त होती. पण त्या भीतीनं का होईना, मी सकाळची एस.टी. पकडून साताऱ्याला गेलो.

साहेबांच्या टेबलावर माझा अहवाल होता आणि त्याच्याखाली टाइप केलेला एक मसुदा. "आलास? बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्या कायमचं लिहून ठेवलंय. सही करायची बाकी आहे."

एक सही राहिली होती. मी मसुद्याकडं बघत उभा राहिलो. मनात आलं, ती होऊ दे, मग सांगू. मग दुसरं मनात आलं की सही झाल्यावर मी सांगणार नाही. म्हणून घाईघाईनं, वाक्य धड न जुळवता, सगळं सांगून टाकलं. हिंगूळ, आबा, खाली बसलेली माणसं, उचललेला दोर.

साहेबांनी पेन टोपणात घातलं. "भाषणात नेमकं काय म्हणालास?"

"तेच, की खूण असलेल्या सशाला..."

"तसं नाही. म्हणालास तसं म्हणून दाखव."

मी "ग्रामस्थहो" पासून सगळं म्हणून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनांनी फायली खाली ठेवल्या. शिपाई दारात येऊन उभा राहिला. "शासन जबाबदार धरील" म्हणालो तेव्हा कचेरीत असं हसू फुटलं की बाहेरच्या व्हरांड्यातले लोक आत डोकावले.

साहेब हसले नाहीत. "अरे, लोकांना तू सांगितलंस की या सशांना हात लावू नका. आणि मग मोजलंस काय, तर त्यांनी किती सशांना हात लावला. कुठल्या कॉलेजातून आलास?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. ते सांगताना मान खाली गेली नाही, एवढं मात्र आठवतं. रीत बरोबर होती. कॉलेजनं बरोबरच शिकवलं होतं.

साहेबांनी मसुदा ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही, सहीही केली नाही. "परत जा. परत मोज. तीन महिने आणखी, हंगामीच. कायमचं मग बघू. ते काय कुठं पळून जातंय!" माझ्या ओठावर आलं की साहेब, ते पळतंच आहे, पण गप्प बसलो.

परत मोजलं. या खेपेला भाषण नाही. हिंगुळाच्या जागी निळा रंग, म्हणजे जुन्यात-नव्यात घोळ नको. ओळीत प्रत्येकाला ठाऊक होतं की निळा कान दिसला तर दुप्पट ओरडायचं. आबाला आम्ही वाघरीपाशी बसवलं, त्याच्या हाताला ससा लागला की तो कान चाचपून "ह्यो ओलसर लागतोय" असं काहीही सांगायचा आणि लोक हसून बेजार व्हायचे. जेवायला मी खालच्या वस्तीत जात होतो. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. हवालदारांकडचा चहा मात्र थांबला होता.

आकडा ऐंशीच्या आतबाहेर आला. साताऱ्याहून हुकूम आला, दोन वर्षं शिकार बंद. तो चावडीपुढं वाचून दाखवायचं कामही माझ्याच गळ्यात. मी वाचला, साध्या भाषेत. आपलेच लोक समोर बसलेले, आणि त्यांचा वाटा मी माझ्या तोंडानं बंद करतोय. मान वर करून कुणाकडं बघावं ते मला कळेना.

शेवटी हवालदार उठले. मिशीवरनं हात फिरवला.

"दोन वर्सांनी परत मोजनार का?"

"मोजणार."

"तवा कोन येनार? तुमीच?"

"माझी नोकरी हंगामी आहे. राहिली तर येईन."

हवालदारांनी थोडा विचार केला आणि आबाकडं बघून म्हणाले, "सायबांना एक कागद धाडू गड्या समद्यांच्या अंगठ्यांचा. ह्येलाच ठेवा म्हनावं. ह्येला शिकवूस्तवर आमचं सा महिनं गेलं. नवा कुनी आला तर परत म्हशीपासनं सुरवात करावी लागंल."